डोंगल बंद पडले, १६ वर्षांचे अंक अडकले: क्रॅक वापरावा की मजकूर मुक्त करावा?

जुना_अंक

नमस्कार मंडळी,

एका सार्वजनिक वाचनालयाच्या त्रैमासिकाचे १९९७ ते २०१२ या काळातले ६१ अंक (तीन जोडअंक धरून) पेजमेकर (पानांची मांडणी करण्याचा प्रोग्राम) ६.५ आणि ७ च्या फायलींमध्ये आहेत. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षर-संकेतांत, नाही. तेव्हा विकत घेतलेल्या एका मराठी पॅकेजच्या फॉन्टमध्ये आहे. ते पॅकेज डोंगल (परवान्याची किल्ली म्हणून संगणकाला लावायचे छोटे यंत्र) लावल्याशिवाय चालत नाही, डोंगल जुन्या प्रिंटर पोर्टात बसणारे, आणि आता ते ओळखलेच जात नाही. विक्रेत्याकडे त्या आवृत्तीची सेवा बंद झाली आहे. "नवी आवृत्ती घ्या" एवढेच उत्तर मिळते. मूळ पावती आणि परवानापत्र मात्र कपाटात आहे.

कार्यकारिणीत तीन मते आहेत. एक: आपण पैसे मोजलेले आहेत, तेव्हा क्रॅक केलेली (परवान्याची तपासणी काढून टाकलेली) प्रत उतरवून घेण्यात गैर काय? दोन: नवी आवृत्ती विकत घ्यावी. तीन: यापुढे मुक्त सॉफ्टवेअरच वापरावे. पण तिसरे मत मांडणाऱ्यांनाही जुन्या अंकांचे काय करायचे ते सांगता येत नाही.

माझे प्रश्न:

१) क्रॅक वापरणे नैतिकदृष्ट्या बसते का? कायद्याचे सोडा, आधी नीतीचे सांगा.
२) जुना मजकूर युनिकोडमध्ये नेमका कसा आणायचा?
३) पुढचे अंक मुक्त साधनांवर काढता येतील का? छापखाना ते स्वीकारेल का?

खिळा

तुमच्या पहिल्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. त्या आधी सोडवून घेऊ.

इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दाने घोळ होतो. मराठीत तो व्हायचे कारण नाही, कारण आपल्याकडे फुकट आणि मुक्त असे दोन सरळ शब्द आहेत. क्रॅक केलेली प्रत फुकट असते, मुक्त नसते. रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तिथून मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू झाली. पुढे त्या चळवळीने जी व्याख्या पक्की केली तिच्यात चार स्वातंत्र्ये आहेत, आणि त्यांची मोजणी शून्यापासून होते. शून्य: कोणत्याही कामासाठी प्रोग्राम चालवणे. एक: तो कसा चालतो ते पाहणे आणि हवा तसा बदलणे. दोन: त्याच्या प्रती शेजाऱ्याला देणे. तीन: आपण बदललेली प्रत इतरांना देणे.

आता क्रॅक या कसोटीवर लावा. त्यातून फक्त शून्यावे स्वातंत्र्य मिळते, तेही लपूनछपून. उद्या ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की क्रॅक पुन्हा बंद, आणि दुरुस्त करायला स्रोतसंहिता (प्रोग्रामचा मूळ कोड) हातात नाही. शिवाय तो कोणी बनवला, त्यात आणखी काय घातले, हे तपासायची सोय नाही. ज्या संगणकावर सभासदांचे पत्ते आणि वर्गणीचा हिशेब आहे तिथे असा प्रोग्राम बसवणे हा सभासदांवर अन्याय आहे. माझ्या मते नीतीचा खरा मुद्दा हाच आहे. कंपनीचे नुकसान होते की नाही हा दुय्यम प्रश्न. क्रॅकने कुलूप तुटत नाही, त्याच कुलपाची चोरून केलेली दुसरी किल्ली मिळते, आणि १६ वर्षांचा मजकूर आहे तिथेच कुलपात राहतो.

नवी आवृत्ती घेण्याचेही तसेच. घ्यायला हरकत नाही, पण तिचा उपयोग एकदाच: जुना मजकूर बाहेर काढण्यासाठी. त्यानंतर पुन्हा त्याच स्वरूपात साठवायला लागलात तर पुढची कार्यकारिणी हाच प्रश्न घेऊन इथे येईल.

आणि सगळ्यात महत्त्वाचे. तुमचा मजकूर डोंगलमागे नाही. डोंगल बहुतेक वेळा टंकन करण्याच्या प्रोग्रामला असते. पेजमेकरच्या फायलीत पडलेली असतात ती साधी बाइट्स. पडद्यावर इंग्रजी 'के' असलेल्या जागी तो फॉन्ट एखादे मराठी अक्षर काढून दाखवतो, एवढीच सगळी किमया. म्हणजे फॉन्टच्या कोणत्या खणात कोणते चिन्ह आहे त्याचा तक्ता केला की मजकूर सुटला. क्रॅकची गरजच उरत नाही.

कलम_बावन्न

नीतीचे वर आलेच, पण कार्यकारिणीपुढे ठेवायला कायदाही हाताशी असू द्या. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७.

कलम ६३ब: संगणक प्रोग्रामची उल्लंघन करणारी प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. शिक्षा कमीत कमी ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंडावर थांबू शकते. बाहेरून उतरवलेली क्रॅक प्रत ही तुमच्या परवान्यावरची प्रत नव्हे. कपाटातली पावती तिला लागू पडत नाही.

पण तीच पावती दुसरीकडे फार मोलाची आहे. कलम ५२(१) मधले (कख), (कग) वगैरे पोटखंड, म्हणजे इंग्रजी पाठातले एबी आणि एसी, प्रोग्राम कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला काही मोकळीक देतात. स्वतंत्रपणे लिहिलेला दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती मिळवता येते, ती सहज उपलब्ध नसेल तर. आणि प्रोग्राम कसा चालतो याचे निरीक्षण व अभ्यास करता येतो. तुम्ही खणांचा तक्ता तयार करणार आहात तो याच वाटेने. पावती आणि परवानापत्र स्कॅन करून प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवा.

एक मात्र कटाक्षाने पाळा. तक्ता जगाला द्या, फॉन्टची फाइल देऊ नका. तक्ता तुमच्या अभ्यासाचा आहे, फॉन्ट विक्रेत्याचा आहे.

काना_मात्रा

मजकूर बाहेर काढण्याचा क्रम सांगतो.

आधी मूळ फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा, ती केवळ-वाचन करा आणि प्रत्येक फायलीचा शा-२५६ ठसा (फाइल जराही बदलली की बदलणारा आकडा) एका मजकूर फायलीत लिहून ठेवा. पुढे वर्षभर काम चालेल. कोणती फाइल मूळ आणि कोणती हात लागलेली हे तेव्हा आठवणार नाही.

लिब्रेऑफिस या मुक्त कार्यालयीन संचाच्या ४.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, त्यातल्या ड्रॉ या प्रोग्राममध्ये पेजमेकरच्या फायली उघडतात. पानाची मांडणी थोडी विस्कटेल, त्याची फिकीर करू नका, आपल्याला मजकूर हवा आहे. फाइल उघडल्यावर 'फ्लॅट एक्सएमएल ओडीएफ ड्रॉइंग' या प्रकारात साठवा. नेहमीची ओडीजी (ड्रॉची फाइल) ही झिप, म्हणजे दाबून बांधलेली, असते. फ्लॅट प्रकारात सगळे एकाच साध्या मजकूर फायलीत येते, त्यामुळे पायथनची छोटी स्क्रिप्ट ती थेट वाचू शकते.

फक्त मजकूर का काढू नये? कारण अंकात इंग्रजी नावे, पत्ते, ईमेल वेगळ्या फॉन्टमध्ये असतात. फॉन्टची माहिती गेली की मराठी बाइट आणि इंग्रजी बाइट यांत काही फरक उरत नाही. फ्लॅट फायलीत प्रत्येक तुकड्याला शैलीचे नाव असते आणि त्या शैलीत फॉन्टचे नाव. स्क्रिप्टने आधी शैली ते फॉन्ट अशी यादी करायची आणि फक्त जुन्या मराठी फॉन्टचे तुकडे बदलायचे. ठळक आणि तिरप्या अक्षरांसाठी त्याच पॅकेजचा वेगळ्या नावाचा फॉन्ट असू शकतो. ती नावेही यादीत घ्या.

पेजमेकर अजून कुठे चालत असेल आणि तुम्ही तिथून साधा मजकूर निर्यात केला, तर एक मोठा खड्डा आहे. ती फाइल यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची नेहमीची पद्धत) समजून उघडली की १२७ च्या पुढचे सगळे बाइट काळ्या चौकटीतल्या प्रश्नचिन्हात बदलतात, आणि तुम्ही साठवले की ते कायमचे गेले. जुन्या फॉन्टमध्ये निम्मी जोडाक्षरे तिथेच असतात. अशी फाइल आयएसओ-८८५९-१ (एक जुना अक्षर-संकेत) म्हणून वाचा. विंडोज-१२५२ म्हणून वाचू नका, कारण त्यात हेक्स (सोळा पायाचे क्रमांक) ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी हे पाच खण रिकामे आहेत आणि परिवर्तन तिथे अडखळते. ८८५९-१ मध्ये २५६ च्या २५६ बाइटना जागा आहे. उलट लिब्रेऑफिसमधून आलेला मजकूर आधीच युनिकोडमध्ये असतो, त्यात हेक्स ९२ हा बाइट वळलेले अवतरणचिन्ह म्हणून दिसू शकतो. दोन्ही वाटांचे तक्ते वेगळे पडतात. एकच वाट धरा आणि वरच्या १२८ खणांतली चिन्हे नीट उतरली का ते एका परिच्छेदाचा छापील अंकाशी ताळा करून पाहा.

तक्त्यासाठी फॉन्टफोर्ज हा फॉन्ट उघडून पाहण्याचा मुक्त प्रोग्राम. जुना फॉन्ट त्यात उघडला की चौकोनांच्या जाळीत प्रत्येक खणातले चिन्ह दिसते. दोन रकान्यांची, टॅबने वेगळी केलेली फाइल करा: डावीकडे खणाचा हेक्स क्रमांक, उजवीकडे युनिकोड अक्षर किंवा अक्षरे. भरलेले खण साधारण दोनशेच्या घरात असतात, तेव्हा एका माणसाचे दोन-तीन दिवसांचे काम.

जुना_अंक

मनापासून आभार. तक्ता सुरू केला आहे. दरम्यान एका संकेतस्थळावरच्या तयार हिंदी परिवर्तकात २००३ च्या एका अंकाची चार पाने टाकून पाहिली. बहुतेक मजकूर वाचता येतो, पण या चुका सर्वत्र आहेत:

'मार्मिक' चे 'मामिर्क' झाले.
'सह्याद्रीच्या दऱ्या' चे 'सह्याद्रीच्या दर्या'.
'प्रकार' काही ठिकाणी बरोबर, काही ठिकाणी 'प्राकार'.
'ॲ' असलेले शब्द शोधले की अर्धेच सापडतात.

हे हाताने दुरुस्त करायचे का? ६१ अंक आहेत.

काना_मात्रा

हाताने अजिबात नको. चारही चुकांना नेमकी कारणे आहेत.

त्याआधी, तो ऑनलाइन परिवर्तक थांबवा. प्रोग्राम दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालतो तेव्हा तो मुक्त आहे की नाही याने तुम्हाला फरक पडत नाही, कारण तो तुमच्या हातात नाहीच. नियम चुकला तर दुरुस्त करता येत नाही, आणि अंकातला अप्रकाशित मजकूर, सभासदांची नावे त्यांच्याकडे जातात. शे-दीडशे ओळींची पायथन स्क्रिप्ट पुरते. ती तुमच्या संगणकावर चालवा.

जुने फॉन्ट अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवतात, युनिकोड उच्चारतात त्या क्रमाने. सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

उभी दांडी. जुन्या फॉन्टमध्ये 'ग' असा पूर्ण खण बहुधा नसतो. अर्धा 'ग्' आणि पुढे दांडी, म्हणजे काना. तक्त्याने ते 'ग् + ा' असे येते. पायमोडक्यानंतर (् या चिन्हानंतर) लगेच काना ही जोडी शुद्ध मराठीत कधीच येत नाही, म्हणून ती दिसली की पायमोडका आणि काना दोन्ही पुसा. उरतो 'ग'. 'गा' मध्ये दोन काने असतात, त्यातला एकच पुसला जातो, त्यामुळे तो बरोबर उरतो.

मात्रा जोडणे. दांडीचा नियम चालवून झाल्यावरच: काना + एक मात्रा = ो, काना + दोन मात्रा = ौ, काना + चंद्र = ॉ. स्वरांचेही तसेच: अ + काना = आ, मग आ + मात्रा = ओ. हा नियम दांडीच्या आधी चालवलात तर 'गे' चे 'ग्ो' होऊन बसते.

आता तुमचे 'प्राकार'. टंकणाऱ्याने कधी 'प्', दांडी, मग खालचा रकार असे टाइप केले, कधी 'प्', रकार, मग दांडी. छापील पानावर दोन्ही सारखेच दिसतात. दुसऱ्या क्रमात पायमोडका आणि काना यांच्यामध्ये रकार शिरतो आणि दांडीचा नियम लागत नाही. म्हणून दांडीच्या नियमाआधी एक ओळ घाला: अर्धे अक्षर + रकार + काना हा क्रम आला तर रकार आणि काना यांची अदलाबदल करा. 'प्राण' मध्ये दोन काने असतात, तिथे पहिलाच काना पुढे जातो आणि शब्द बिघडत नाही.

पहिली वेलांटी. ती अक्षराआधी दिसते, म्हणून जुन्या मजकुरात आधी येते. तिला पुढच्या पूर्ण जोडाक्षरामागे न्या, एका अक्षरामागे नको. 'स्थिती' मध्ये वेलांटी 'स्थ' च्या मागे गेली पाहिजे. नियम असा: वेलांटी, मग (व्यंजन + पायमोडका) शून्य किंवा अधिक वेळा, मग एक व्यंजन.

रफार. 'मामिर्क' इथून येते. जुन्या मजकुरात 'मार्मिक' हा म, काना, वेलांटी, म, रफार, क असा पडलेला असतो. त्या परिवर्तकाने रफाराचे थेट 'र् ' केले आणि तो पुढच्या 'क' ला चिकटला. म्हणून तक्त्यात रफाराला 'र्' लिहूच नका. युनिकोडमध्ये खासगी वापरासाठी राखलेला भाग आहे. त्यातले पहिले स्थान, यू+ई०००, ही तात्पुरती खूण द्या. वेलांट्या हलवून झाल्या की ही खूण जिथे असेल तिथून मागे जा, मात्रा-वेलांट्या ओलांडा, जोडाक्षर ओलांडा आणि त्याच्या आधी 'र्' लिहा. काही फॉन्टमध्ये रफार आणि अनुस्वार एकाच खणात असतात, काहींत दुसरी वेलांटी आणि रफार. तक्त्यात त्या खणांसमोर दोन्ही चिन्हे लिहा, पण रफार म्हणून तीच खासगी खूण.

आडवा र, 'दऱ्या' मधला. हिंदीत हा नाहीच, म्हणून हिंदीसाठी लिहिलेली साधने त्याला रफार समजतात. मराठीत अर्थ फिरतो: दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. आचार्यास दिले की आचाऱ्यास दिले? फॉन्टमध्ये त्याचा वेगळा खण असतो, तक्त्यात त्यासमोर 'ऱ्' लिहा, म्हणजे यू+०९३१ आणि पायमोडका. जुन्या पद्धतीत साधा र, पायमोडका आणि शून्य-रुंदीचा जोडक असेही लिहीत, पण तो अदृश्य जोडक कॉपी-पेस्टमध्ये गळतो आणि पुन्हा दर्या होतो.

ॲ. युनिकोडमध्ये हे स्वतंत्र अक्षर (यू+०९७२) २००८ साली ५.१ आवृत्तीत आले. त्याआधीच्या साधनांत 'अ' आणि चंद्र असे दोन तुकडे होतात. दिसायला सारखेच, शोधायला वेगळे. शेवटच्या सफाईत सगळीकडे एकच रूप करा.

म्हणजे एकूण क्रम: तक्ता, रकाराची अदलाबदल, दांडी, मात्रा, वेलांटी, रफार, सफाई. क्रम बदलू नका.

तपासणीसाठी अशक्य जोड्या शोधा: शब्दाच्या सुरुवातीला वेलांटी, मात्रेवर मात्रा, सलग दोन पायमोडके, उरलेली खासगी खूण, मराठी शब्दाच्या मधोमध रोमन अक्षर. एकही सापडला नाही म्हणजे मजकूर शुद्ध असे नव्हे, पण सापडला तर नियम नक्की चुकला आहे. मग मजकूर हनस्पेल या मुक्त शुद्धलेखन-तपासनिसाच्या मराठी शब्दसंचातून काढा आणि न सापडलेले शब्द वारंवारतेने लावा. वरच्या पन्नास शब्दांतच तक्त्यातल्या उरलेल्या चुका हाती लागतात. चूक शब्दात दुरुस्त करू नका, तक्त्यात करा आणि सगळे पुन्हा चालवा.

ज्या अंकांच्या फायलीच उघडत नाहीत त्यांच्यासाठी छापील प्रत ३०० डीपीआयवर स्कॅन करून टेसरॅक्ट या ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या) प्रोग्रामच्या मराठी मॉडेलने ओळखून घ्या. तोही मुक्त आहे. पण फाइल असताना ओसीआर करू नका. तक्त्याची चूक एकाच जागी सुधारते, ओसीआरची दर ओळीत नवी असते.

मुक्तछंद

तक्ता आणि स्क्रिप्ट प्रसिद्ध करणार असाल तर परवाना आत्ताच ठरवा. परवान्याशिवाय टाकलेला कोड मुक्त नसतो. काहीच लिहिले नाही तर कायद्याने सर्व हक्क तुमच्याकडे राहतात आणि दुसऱ्याला तो बदलून वाटता येत नाही. 'कोणीही वापरा' एवढे लिहिणेही पुरेसे स्पष्ट नाही.

माझा आग्रह जीपीएल (ग्नू प्रकल्पाचा सार्वजनिक परवाना) आवृत्ती ३ चा. कोणी तुमची स्क्रिप्ट सुधारून वाटली तर सुधारित स्रोतसंहिताही त्याच अटींवर द्यावी लागते. ज्या कुलपातून तुम्ही आज सुटताय, तुमच्याच कोडवर तसेच कुलूप घालून कोणी ते पुढच्या वाचनालयाला विकू नये.

दोन गैरसमज आधीच दूर करतो. जीपीएल स्क्रिप्टमधून निघालेला मजकूर जीपीएल होत नाही, अंकांवर परवान्याचा काही परिणाम नाही. आणि जीपीएलखाली पैसे घेता येतात. कोणी हे काम करून देण्याचे शुल्क घेत असेल तर ते पूर्ण प्रामाणिक आहे.

कोणी त्याची वेबसेवा करील अशी शंका असेल तर आफेरो जीपीएल घ्या. साध्या जीपीएलमध्ये सर्व्हरवर चालवणे म्हणजे वाटणे नव्हे, म्हणून तिथे स्रोत द्यायची सक्ती येत नाही. आफेरोमध्ये येते.

पाऊलवाट

स्क्रिप्टबद्दल सहमत, तक्त्याबद्दल नाही. कोणत्या खणात कोणते अक्षर आहे ही वस्तुस्थिती आहे, तिच्यावर अट घालू नये. तक्ता सीसी-शून्य खाली, म्हणजे सर्व हक्क सोडून, द्या. अशा जुन्या फायली शेकडो छापखान्यांत, पतपेढ्यांत, साखर कारखान्यांच्या अहवालांत पडून आहेत. एखाद्या मालकीच्या सॉफ्टवेअरने तो तक्ता वापरून मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणला, तरी मराठी मजकूर सुटला ना? हेतू तोच होता.

मुक्तछंद

हेतू फक्त मजकूर सुटणे हा नाही, माणूस पुन्हा अडकू नये हाही आहे. पण तक्ता म्हणजे वस्तुस्थिती हे मान्य. तक्ता सीसी-शून्य, स्क्रिप्ट जीपीएल ३, दोन वेगळ्या फायली, दोन्हींच्या माथ्यावर परवान्याची ओळ. यावर माझी हरकत नाही.

छापखाना

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर: होय, काढता येतात, आणि छापखान्याला अडचण नसते. प्लेट पीडीएफवरून निघते. 'ओपन फाइल द्या' अशी मागणी झाली तर ती आयत्या वेळी दुरुस्ती करण्याच्या सोयीसाठी असते. दुरुस्ती तुम्हीच कराल असे आधी सांगून ठेवा.

मांडणीसाठी स्क्रायबस हा मुक्त प्रोग्राम, पण १.६ मालिकाच घ्या. जुन्या १.४ मध्ये देवनागरी जोडाक्षरे तुटतात, आणि 'स्क्रायबसमध्ये मराठी चालत नाही' हा समज तिथूनच पसरला आहे. फॉन्ट मुक्ता, शोभिका, नोटो सेरिफ देवनागरी यांतले. तिन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, म्हणजे पीडीएफमध्ये घालायला, छापायला, बदलायला मोकळीक आहे, फक्त नुसता फॉन्ट विकता येत नाही. शोभिका मुंबईच्या आयआयटीतून आलेला आहे, संस्कृत अवतरणे असतील तर तो घ्या. परिच्छेदशैलीत भाषा मराठी ठेवा. तसे केले आणि फॉन्टमध्ये सोय असली तरच श आणि ल मराठी वळणाचे येतात.

चुका इथे होतात. अक्षरांचा रंग 'ब्लॅक' हवा, म्हणजे फक्त काळी शाई १०० टक्के. यादीत त्याच्यासारखाच दिसणारा 'रजिस्ट्रेशन' आहे. तो निवडला तर चारही शाया पूर्ण बसतात, बारीक अक्षरे भरून येतात आणि कागद वाळत नाही. चित्रे ३०० डीपीआय. निर्यात पीडीएफ/एक्स (छपाईसाठीच्या पीडीएफ) प्रकारात, सगळे फॉन्ट अंतर्भूत. पाठवण्याआधी पीडीएफफॉन्ट्स ही आज्ञा चालवून प्रत्येक फॉन्टपुढे 'अंतर्भूत: होय' येते का पाहा. तळटिपांची सोय जुन्या १.४ मध्ये नव्हती, १.६ मालिकेत आहे. टिपा भरपूर असलेला लेख असेल तर तो अंक लिब्रेऑफिस रायटरमध्ये किंवा झीलाटेक या मुक्त अक्षरजुळणी-साधनात जुळवला तरी चालेल.

टंकनाबद्दल कोणी बोलले नाही, आणि बदल बहुधा तिथेच फसतो. पंचवीस वर्षे एकाच कळफलकावर बसलेला हात एका दिवसात इनस्क्रिप्टवर (भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर) जात नाही, आणि त्या माणसावर ती सक्ती करणे हेही स्वातंत्र्य नव्हे. लिनक्सवर आयबस आणि एम१७एन (अनेक भाषा टंकण्याची मुक्त साधने) घ्या. त्यात इनस्क्रिप्ट आणि गमभन तयार मिळतात. पण खरी सोय पुढे आहे: प्रत्येक कळफलक ही एक साधी मजकूर फाइल असते, शेवटी 'मिम'. एका ओळीत इंग्रजी कळ आणि तिचे मराठी अक्षर. जुन्या पॅकेजच्या कळफलकाप्रमाणे ती फाइल लिहा, घर-फोल्डरमधल्या एम१७एनच्या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवा, आयबस पुन्हा सुरू करा. बोटे जुनीच राहतात, पडद्यावर युनिकोड उमटते. वर खिळा यांनी सांगितलेले 'एक' क्रमांकाचे स्वातंत्र्य, बदलण्याचे, टंकलेखकाच्या टेबलावर असे दिसते.

हार्डवेअरबाबत एक तडजोड येईल. बऱ्याच वायफाय चिप्सना मालकीचे फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) लागते. डेबियन या लिनक्स वितरणाने १२ व्या आवृत्तीपासून (जून २०२३) ते अधिकृत इन्स्टॉलरमध्येच दिले आहे. काहींना ते पटत नाही, आणि त्यांचा मुद्दा चुकीचा नाही. कार्यालयात तारेचे जाळे असेल तर हा प्रश्न बऱ्याच संगणकांवर येतच नाही.

जुना_अंक

खूपच मदत झाली. कार्यकारिणीला क्रॅकचा मुद्दा मागे घ्यायला सांगतो. शेवटचे: युनिकोड झालेले अंक संकेतस्थळावर क्रिएटिव्ह कॉमन्स या, इतरांना वापराची मोकळीक देणाऱ्या परवान्याखाली टाकायचे आहेत. लेखकांनी तेव्हा छापायला दिलेच होते, मग चालेल ना?

कलम_बावन्न

तसेच चालणार नाही. इथे घाई करू नका.

मानद लेखकांच्या लेखांचा प्रताधिकार लेखकांचाच आहे, त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत वारसांचा. छापायला दिले म्हणजे हक्क दिला असे होत नाही. हक्क सोपवायचा तर लेखी आणि सहीनिशी (कलम १९), आणि लेखात मुदत नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते. १९९७ च्या तोंडी होकारावर तुम्ही जगाला मुक्त परवाना देऊ शकत नाही. दुसऱ्याच्या हक्कावर उदार होण्यासारखे ते आहे.

म्हणून आधी लेखकांची यादी करा. ती आता सोपी आहे, मजकूर युनिकोडमध्ये असल्याने अनुक्रमणिका स्क्रिप्टने काढता येते. प्रत्येकाला एक पानाचे संमतीपत्र पाठवा. त्यात तीन गोष्टी हव्यात: लेखाचे नाव आणि अंक, परवान्याचे पूर्ण नाव (क्रिएटिव्ह कॉमन्स, श्रेय व समान वाटप, ४.०), आणि 'हा परवाना मागे घेता येत नाही, व्यावसायिक वापरही चालतो' हे साध्या मराठीत लिहिलेले वाक्य. ते वाक्य गाळून सही घेऊ नका. 'अव्यावसायिक' ही अट घालायचा मोह होतो, पण ती घातली की तोच लेख मराठी विकिस्रोतावर जाऊ शकत नाही.

ज्यांची संमती येईल ते लेख आधी चढवा. बाकीचे लेख वाचनालयाच्या संगणकावर युनिकोडमध्ये जपून ठेवा, संकेतस्थळावर फक्त शीर्षक, लेखक आणि अंक द्या. वारस पुष्कळदा ती अनुक्रमणिका पाहूनच संपर्क करतात.